यादीत खाली सरकवलेलं जहाज

शुक्रवार, अमरावती

अमरावतीला भाषण द्यायला चाललो आहे, असं मी घरी सांगून निघालो. ते खोटं नव्हतं. पण निमंत्रण आलं नसतं तरी कधी ना कधी मला वऱ्हाडात जावंच लागणार होतं. चार वर्षं मी ते टाळत होतो. निमंत्रणाने जाण्याला एक सभ्य निमित्त दिलं, एवढंच.

मी कोकणातला. नोकरी सगळी नौदलात झाली, शेवटची काही वर्षं टेबलावर. निवृत्तीनंतर पुण्यात स्थायिक झालो आणि गावोगावी महाविद्यालयांत बोलायला जाऊ लागलो. विषय बहुतेक वेळा एकच असतो: आधुनिक नौदलाने कोणती जहाजं घ्यावीत, कोणती ताकद वाढवावी. लोकांना तो आवडतो. समुद्रापासून माणूस जितका लांब, तितकं त्याला जहाजांचं अप्रूप जास्त, असा माझा अनुभव आहे.

बडनेऱ्याला सकाळी उतरलो तेव्हा प्राध्यापक सुधाकरराव मफलर गुंडाळून फलाटावर उभे होते. भूगोल शिकवतात, भाषण त्यांनीच ठरवलेलं. गाडीत बसताबसता म्हणाले, "सर, आमच्या अंबा नाल्यात म्हैस बुडत नाही अन् तुमी विमानवाहू जहाज घेऊन आले."

थेट घरी न नेता त्यांनी मला गिला वडा खायला नेलं. आमच्याकडे दहीवडा म्हणजे जेवणाच्या शेवटी वाटीत येणारा शांत पदार्थ. इथला वडा सकाळीच खायचा, दह्यात निथळत असलेला, आणि वरची चटणी डोळ्यांतून पाणी काढणारी. सुधाकररावांनी मी कोण ते वडेवाल्याला सांगून टाकलं. त्याने झारा थांबवला.

"आपल्यापाशी पाणबुड्या किती हायेत?"

"हव्यात त्यापेक्षा कमी."

"मंग घेत काहून नाही?"

"बाजारात मिळत नाहीत. एक बांधायला आठ-दहा वर्षं लागतात."

"दहा सालात तं संत्र्याचा बगीचा लावून, फळं खाऊन, तो म्हातारा व्हाले लागते," तो म्हणाला आणि माझ्या द्रोणात न विचारता आणखी एक वडा टाकला.

सभागृह भरलं होतं. मी माझी नेहमीची यादी सांगितली. विमानवाहू जहाज का हवं आणि ते एकटं का चालत नाही. पाणबुड्या, कारण शत्रूला दिसत नाही त्याचीच त्याला भीती वाटते. क्षेपणास्त्रं वाहणारी फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची लढाऊ जहाजं. या जहाजांना भर समुद्रात तेल पुरवणारं जहाज, कारण त्याशिवाय सगळा ताफा आठवड्याभरात बंदराकडे तोंड करतो. सुरुंग काढणारी जहाजं, कारण बंदराच्या तोंडाशी चार सुरुंग पडले तर आतली सगळी मोठी जहाजं तिथेच अडकतात. आणि आता माणसाशिवाय चालणाऱ्या होड्या, पाण्यावरच्या आणि पाण्याखालच्या. क्षेपणास्त्रांना टाळ्या पडल्या. तेलाच्या जहाजाला पडल्या नाहीत; त्या कुठेच पडत नाहीत.

प्रश्नांच्या वेळी मुलींच्या बाजूने एक उंच, सडपातळ मुलगी उठली.

"सर, समुद्राच्या तळाशी काम करणारे जे पाणबुडे असतात, माणसं, त्यांच्यासाठी एक जहाज असते. त्याच्यावर दाबाची कोठी असते. ते तुमच्या यादीत आलं नाही."

हा प्रश्न मला कधी कोणी विचारला नव्हता. मी म्हणालो की ते सहाय्यक जहाजांत येतं आणि वेळेअभावी सगळी सांगता येत नाहीत. ती "बरं" म्हणून खाली बसली.

बाहेर व्हरांड्यात ती थांबली होती. "मी मयुरी," ती म्हणाली. "प्रफुल्लची बहीण. तुम्ही मागच्या आठवड्यात बाबांना फोन केला होता. ते तुमची वाट पाहून राहिले."

प्रफुल्ल तिचा थोरला भाऊ. नौदलात पाणबुड्या होता. चार वर्षांपूर्वी गेला.

मी काहीतरी पुटपुटलो. तिने ते ऐकून घेतलं आणि मग थेट कामाचं बोलली. तिचीही नौदलात निवड झाली होती. पुढच्या महिन्यात हजर व्हायचं होतं. आईची हरकत नव्हती. वडील हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. पण माझा फोन आल्यापासून ते म्हणू लागले होते की साहेब येतील, त्यांना विचारू, ते म्हणतील तसं करू.

"ते विचारतील, पाठवू का," मयुरी म्हणाली. "तुम्ही फक्त हो म्हणा, सर. बाकी काही नको मला."

मी हो म्हणेन असं तिला सांगितलं नाही. म्हणणार नाही असंही सांगितलं नाही. तिने मात्र पहिलंच समजून आभार मानले आणि ती वसतिगृहाकडे गेली.

इथे मला वाचकांना ते सांगायला हवं जे मी तोपर्यंत कोणालाच सांगितलं नव्हतं.

आठ वर्षांपूर्वी नव्या जहाजांच्या गरजा क्रमाने लावण्याचं काम एका छोट्या गटाकडे होतं आणि त्यात मी होतो. त्या यादीत पाण्याखाली काम करणाऱ्या माणसांच्या, पाणबुड्यांच्या, मदतीचं एक जहाज होतं. माणूस खोल पाण्यातून घाईने वर आला तर त्याच्या रक्तात हवेचे बुडबुडे होतात. त्याला ताबडतोब दाबाच्या कोठीत घालून हळूहळू पूर्ववत आणावं लागतं. ते जहाज ही कोठी कामाच्या जागी घेऊन जातं. प्रत्येक जहाजापुढे 'वर्षातले वापराचे दिवस' लिहायची पद्धत मीच सुचवली होती. वरिष्ठांनी ती वाखाणली. फ्रिगेटचे दिवस भरपूर होते. तेलाच्या जहाजाचे तर त्याहून जास्त. मदतीचं जहाज वर्षभर उभं असतं. त्याचे दिवस अगदी थोडे. माझ्याच मोजपट्टीने ते तळाशी गेलं, आणि मी त्यापुढे एक वाक्य लिहिलं: 'सध्याच्या व्यवस्थेवर भागेल.' ते वाक्य लिहायला मला बहुधा अर्धं मिनिट लागलं असेल. त्यानंतर आम्ही चहा प्यायलो.

पुढे चार वर्षांनी प्रफुल्ल समुद्रतळावर हरवलेलं एक उपकरण शोधायला उतरला. खाली त्याची हवेची नळी अडकली, तो सुटला, पण घाईने वर आला. कोठी किनाऱ्यावर होती आणि समुद्र खवळलेला होता. तिथे नेईपर्यंत तो गेला होता. चौकशीत कोणाचाही दोष निघाला नाही, आणि माझ्या मते ते बरोबरच होतं. त्या दिवशी तिथे असलेल्या कोणाचाच दोष नव्हता. तो अहवाल योगायोगाने माझ्या टेबलावरून गेला. त्यात माझ्या वाक्याचा उल्लेख नव्हता. उल्लेख असायचं कारणही नव्हतं. मीच एकटा ते दोन कागद शेजारी ठेवू शकत होतो.

शनिवार, चिखलदरा

ठरल्याप्रमाणे शनिवारी मला पूर्णेकाठी प्रफुल्लच्या गावी जायचं होतं. सकाळी सुधाकरराव म्हणाले, "इतक्या दूर आले अन् चिखलदरा न पाहता जाता?" मी लगेच हो म्हणालो. वासुदेवरावांना, म्हणजे प्रफुल्लच्या वडिलांना, फोन करून उद्या येतो असं कळवलं. "या उद्या, घर काय पळून नाही जात," ते म्हणाले. मला हायसं वाटलं, आणि त्याची लाजही वाटली.

परतवाड्याला थांबून आम्ही संत्री घेतली. बसस्थानकाबाहेर जीपवाले माणसं कोंबत होते. पुढे घाट लागला तसे साग दाट झाले आणि हवा एकदम गार झाली. सह्याद्रीचे घाट मला परिचयाचे आहेत; तिथे डोंगर अंगावर येतो. सातपुड्याचा डोंगर तसा येत नाही, तो पसरत जातो, आणि आपण किती वर आलो ते दरीच्या कडेला पोचेपर्यंत कळत नाही.

कडेला पोचलो तर दरी धुक्याने भरलेली. भीमाने कीचकाला मारून फेकला तो हाच दरा, असं सुधाकररावांनी सांगितलं. "दिसत काही नाही, पण आहे खोल," ते म्हणाले. आम्ही अर्धा तास वाट पाहिली. धुकं हललं नाही. एका कोरकू आदिवासी बाईकडून बोरं घेतली, एका टपरीवर रबडी खाल्ली, मग इथल्याच मळ्यातली म्हणून दिलेली कॉफी प्यायलो. परतताना शेवाळलेल्या पायरीवरून माझा पाय घसरला आणि मी चांगला कंबरेवर आपटलो. सुधाकररावांनी मला उठवून बाकावर बसवलं.

"सर, कालपासून तुमचं ध्यान ठिकाणावर नाही," ते म्हणाले. "काय भानगड आहे?"

मी त्यांना सगळं सांगितलं. चार वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने बोललो, आणि तेही कंबर चोळत, धुक्याकडे बघत. बोलायला सहा-सात मिनिटंच लागली. मला वाटत होतं की त्याला तास लागेल.

त्यांनी शांतपणे संत्रं सोलून अर्धं माझ्या हातात ठेवलं.

"हे तुमी त्या घरी सांगणार?"

"त्यासाठीच आलो आहे."

"अन् पोरगी?"

मी हातातल्या संत्र्याच्या फोडी सुट्या करू लागलो.

"हे पाहा, मी तिला ओळखतो. मैदानावर पहाटे एकटी धावते ती. तिचा बाप हे ऐकल्यावर तिला उंबऱ्याबाहेर पाय ठेवू देईल काय? तुमच्या एका वाक्यानं एक लेकरू गेलं म्हणता. आता दुसऱ्या वाक्यानं दुसऱ्याचं आयुष्य काहून अडवता?"

"मग काय करू? त्यांनी विचारलं पाठवू का, तर खुशाल पाठवा म्हणू? सगळं ठीक आहे म्हणू?"

"म्हणा ना. नौदलात हजारो पोरं आहेत. सगळी थोडीच मरतात. हे खोटं आहे काय?"

ते खोटं नव्हतं. तरीही मला ते पटलं नाही, आणि का पटलं नाही हे मी त्यांना धड सांगू शकलो नाही. आज वाटतं, त्या बाकावर मी जास्त वेळ बसायला हवं होतं. सुधाकरराव मुलीचा विचार करत होते. मी चार वर्षांचा विचार करत होतो, माझ्या.

रविवार, पूर्णेकाठी

मुक्काम परतवाड्याला केला. सकाळी अंजनगाव-अकोटमार्गे बसने निघालो. डोंगर मागे पडला आणि जमीन काळी, सपाट, तळहातासारखी झाली. वेचणीला आलेला शेवटचा कापूस, कापणीची तूर, मध्येच हरभऱ्याचा हिरवा तुकडा. या पट्ट्यात जमिनीखालचं पाणी खारं आहे. खारपाणपट्टा म्हणतात. विहिरी आहेत, काठोकाठ भरलेल्या सुद्धा, पण ते पाणी पिता येत नाही आणि पिकालाही फार देता येत नाही.

अकोल्याच्या अलीकडे फाट्यावर उतरलो. तिथून मयुरी मला घेऊन गेली. ती आदल्या दिवशीच घरी आली होती. वाटेत तिने आठवण करून दिली नाही. फक्त एवढंच म्हणाली, "आईनं सकाळपासून सोले सोलून ठेवले."

वासुदेवराव अंगणात अंबाडीचे धागे वळत बसले होते. साठीचा, रुंद खांद्यांचा माणूस. दोराचं एक टोक कडुलिंबाच्या बुंध्याला बांधलेलं, दुसरं त्यांच्या पायाच्या अंगठ्यात.

"या साहेब. हात गुतले हायेत माये, नमस्कार मंग करतो. बसा खाटीवर."

त्यांची पत्नी सुमनबाई तांब्या घेऊन आल्या. "नळाचं हाये, गोड पाणी," त्या म्हणाल्या. "भेव नका, विहिरीचं नाही देलं."

"विहिरीचं पाणी आमी फक्त पोहाले वापरतो," वासुदेवराव म्हणाले. "प्रफुल्ल तिथंच शिकला. मंग पूर्णेच्या डोहात. नौदलातून पयल्यांदा आला तं म्हणे, बाबा, समुद्र म्हणजे काही नाही, आपलीच विहीर, भल्ली मोठी."

ते हसले. सुमनबाई आत गेल्या.

दोर कशासाठी, असं मी विचारलं. पुढचं बोलणं लांबवायला विचारलं, हे कबूल करतो.

"हा मारुतीच्या पारावरचा. गावात कोणी विहिरीत नाई तं डोहात पडलं, तं गळ अन् दोर तिथूनच आणतात. गळ लोखंडाचा हाये, तो तसाच राह्यते. दोर दरसाली नवा. दरसाली एका घराची पाळी, आठ दिस लागतात. यंदा आमची हाये. लोकं म्हणे, वासुदेवभाऊ, तुमी राहू द्या यंदा, दुसरं घर करते. मी म्हटलं, काहून? माये हात मोडले काय?"

"शेवटचा कधी वापरला होता?"

"नऊ-दहा सालं झाली असतीन. तुकारामची म्हैस काढली होती. तुकारामापेक्षा म्हैस शहाणी, गुपचूप वर आली."

"मग दर वर्षी नवा कशाला?"

त्यांनी वळणं थांबवून माझ्याकडे पाहिलं. लहान मुलाने काही विचारावं आणि मोठ्याला त्याची गंमत वाटावी, तसं.

"साहेब, लटकून लटकून बी दोर मरते. दिसाले चांगला दिसते. वजन पडलं का कळते. अन् त्या दिवशी कळून काय उपेग?"

नौदलात पंचवीस वर्षं काढलेला माणूस मी. वापराचे दिवस मोजून जहाजांची लायकी ठरवण्याची पद्धत मी बसवली होती. या गावाने ज्याचा वापर होत नाही त्याच गोष्टीवर दर वर्षी एका घराचे आठ दिवस घालवले होते, आणि त्यात त्यांना सांगण्यासारखंही काही वाटत नव्हतं. मी म्हणालो, "वासुदेवराव, मला तुम्हाला काही सांगायचं आहे."

"सांगा. पण आधी जेवण, मंग गोठ. पाहुण्याची गोठ उपाशी पोटी ऐकत नसतात आमच्यात."

मी आग्रह धरला. त्यांनी ऐकलं नाही. आमच्याकडे पाहुण्याला वाढताना प्रत्येक पदार्थ विचारून वाढतात; इथे विचारणं हाच अपमान. तुरीच्या कोवळ्या दाण्यांची, म्हणजे सोल्यांची झणझणीत भाजी, ज्वारीची भाकर, ठेचा, कांदा. पान रिकामं दिसलं की सुमनबाई भाकर टाकून जात. मी ते सगळं खाल्लं. चव लागली, हे लिहितानाही मला बरं वाटत नाही, पण लागली.

हात धुतल्यावर वासुदेवरावांनीच विषय काढला. सुमनबाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. मयुरी ताटं उचलत होती.

"साहेब, ही पोरगी जातो म्हणते. एक लेकरू देलं म्या समुद्राले. हे दुसरं. मले त्यातलं काही समजत नाही, तुमाले समजते. पाठवू का?"

मयुरी ताट हातात धरून थांबली.

मी सांगितलं. जे गुप्त होतं ते सोडून, माझं होतं ते सगळं. मोजपट्टी, क्रम, ते एक वाक्य. बाहेर शेळी ओरडत होती.

"हे कोनं लिवलं म्हणता?" शेवटी वासुदेवरावांनी विचारलं.

"मी."

"वरच्या साहेबानं सांगितलं म्हून?"

"नाही. त्यांनी यादी मागितली होती. वाक्य माझं."

"ते जहाज असतं तं प्रफुल्ल वाचला असता?"

"सांगता येत नाही. यादीत वर असतं तरी तोवर बांधून झालं असतं की नाही, तेही सांगता येत नाही. कदाचित."

"कागदावर बी तुमी कदाचित लिवता काय?"

"नाही. कागदावर मी भागेल असं लिहिलं होतं."

त्यांनी मान हलवली, जणू हिशेब जुळला. मग विचारलं, "आता हाये काय तिथं ते जहाज?"

"मला माहीत नाही. मी निवृत्त झालो."

"तुमाले पोरं किती?"

"एक मुलगा."

"नौदलात?"

"बंगळुरूला आहे. कंपनीत." मग तेही सांगून टाकलं, कारण एवढं सांगितल्यावर ते लपवून काय करणार होतो. "त्याला जायचं होतं. मीच नको म्हणालो. प्रफुल्ल गेला त्याच्या पुढच्या वर्षी."

सुमनबाई आत गेल्या. डब्याचं झाकण पडल्याचा आवाज आला आणि कोणी ते उचललं नाही.

"झालं मंग," वासुदेवराव म्हणाले. "मयुरी जाणार नाही." ते उठले, अंगणात गेले आणि दोराचं टोक पुन्हा अंगठ्यात धरून वळू लागले. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो. रागाचा एक शब्द तरी येईल म्हणून उभा राहिलो. ते एवढंच म्हणाले, "तीनची बस हाये तुमची. चुकली तं साडेपाचशिवाय नाही."

मयुरी फाट्यापर्यंत आली. अर्ध्या वाटेवर ती बोलू लागली तेव्हा महाविद्यालयातली भाषा गळून पडली होती.

"सर, म्या तुमाले एकच गोष्ट मागितली होती."

"मी खोटं कसं बोलणार होतो, मयुरी?"

"चार साल चूप राह्यले ना तुमी? अजून एक दीस राह्यले असते." तिने बसच्या दिशेने पाहिलं. "तुमी बाबाले खरं सांगाले नाही आले. तुमच्या छातीवरचं ओझं आमच्या अंगणात उतरवाले आले. जेवून उतरवलं अन् आता निंगाले. बाबा ते आता कुठी ठेवतीन?"

मी तिला म्हणालो की तिला पाणबुड्याचं काम मिळणार नाही, तिचं काम वेगळं असेल, मी पुन्हा येऊन वडिलांना समजावेन.

"नका येऊ," ती म्हणाली. "भल्ली मदत झाली."

बस आली. मी चढलो. अकोल्याच्या स्थानकावर गाडीला दोन तास होते. तिथे मी काय पाहिलं, काय खाल्लं, काही आठवत नाही.

त्यानंतर

पुण्याला आल्यावर मी भाषण बदललं. आता मी यादी उलटी सांगतो. आधी मदतीचं जहाज, दाबाची कोठी, ओढून आणणारी ताकदवान बोट, रुग्णालयाचं जहाज, सुरुंग काढणारी त्यानंतर, विमानवाहू शेवटी. सांगतो की नौदलाची ताकद त्याने किती बुडवलं यावर मोजतात, पण किती वर काढलं यावरही मोजायला हवी, आणि उभं असलेलं जहाज रिकामं नसतं. मला हे मनापासून पटलेलं आहे. एका ठिकाणच्या प्राचार्यांनी नंतर नम्रपणे सुचवलं की मुलांसाठी थोडं क्षेपणास्त्रांबद्दलही बोला.

महिन्याभराने, एका रविवारी सकाळी, वासुदेवरावांचा फोन आला.

"पोरगी गेली," ते म्हणाले. "आईले सांगून गेली, मले नाही."

मी खुर्ची ओढून बसलो.

"तिच्या तिथं ते जहाज हाये का, तेवढं पता करून सांगा."

मी समजावलं की आधी कित्येक महिने प्रशिक्षण असतं, ते जमिनीवर. नंतर कुठे जाईल ते आज कोणालाच माहीत नाही. आणि ती पाण्याखाली उतरणार नाही.

"ते समजलं. जहाज हाये का?"

"चौकशी करतो."

मी खरोखर केली. जुन्या सहकाऱ्यांना विचारलं. त्यांनी प्रेमाने तब्येत विचारली आणि बाकी काही सांगितलं नाही. निवृत्त माणसाला अशा गोष्टी सांगायच्या नसतात, आणि ते योग्यच आहे. त्यांच्या जागी मीही सांगितलं नसतं. पुढच्या रविवारी फोन आला. "काही कळलं?" "नाही अजून." "बरं. पुढच्या आठोड्यात लावतो." रागावून नाही, बस कधी सुटते हे विचारावं तसं. असे पाच रविवार झाले. फोन वाजायच्या आधीच मी तो हातात घेऊन बसलेला असे.

सहाव्या रविवारी फोनवर सुमनबाई होत्या. त्या घरी पाणी देतानाचे दोन शब्द सोडले तर त्या माझ्याशी काहीच बोलल्या नव्हत्या.

"हे तुमाले फोन लावतात अन् मंग दिवसभर तोंडात घास घेत नाहीत," त्या म्हणाल्या. "भाकर तशीच राह्यते. काय असन ते एकदा सांगून टाका साहेब. हाये काय तिच्यापाशी ते जहाज?"

मला माहीत नव्हतं. आजही नाही.

"हो," मी म्हणालो. "आहे."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी फोन कानापासून बाजूला घेतला असावा, कारण पुढचं बोलणं दुरून आलं. "हाये म्हणतात. उठा आता, हात धुवा." फोन बंद करायचा त्या विसरल्या. थोड्या वेळाने ताट जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला.

मी ऐकत बसलो होतो.